यिशुनचं बाळंतपण आणि एलेनबाईंचा प्रश्न

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही, तेवढं सांभाळून घ्या. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर पेन हातात आलं ते गटाच्या रजिस्टरवर सही करण्यापुरतं. पण सिंगापूरहून आल्यापासून आपल्या बचत गटातल्या सगळ्याजणी म्हणतात, "मालनताई, सांगा की तिकडचं." चारचौघींत उभं राहून बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कोरड पडते. शेवटी कुसुमताईंनी ही वही आणून दिली आणि म्हणाल्या, "लिहून काढा, आम्ही वाचू." गटाबाहेर कुणाला दाखवू नका, एवढंच मागणं.

मी का गेले ते तुम्हांला माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते. पहिलं बाळंतपण माहेरचं. माझी वर्षा सातव्या महिन्यात कराडला यायची ठरली होती, पण तिकडच्या डॉक्टरांनी विमान नको म्हटलं. मग माहेरानंच तिच्याकडं जायचं ठरलं. जावई निखिलराव तिकीट काढतो म्हणाले, मी नको म्हटलं. बाळंतपण माहेरचं आणि तिकीट सासरचं, हे मला पटेना. चाळीसेक वर्षं मी लोकांच्या लेकीसुनांना न्हाऊ घालते, त्यांच्या बाळांना पायावर घेते. स्वतःच्या लेकीच्या वेळी पाहुणीसारखं जायचं का? तुम्ही गटातून कर्ज दिलंत. मी सगळ्यांसमोर एकच वाक्य बोलले होते, "नातवंडाला माझ्या हातानं अंघोळ घालून येते." ते होईल की नाही, याचा तिकडं जो घोर लागला, तेच जास्त करून या वहीत आहे.

पहिले दिवस

निघायच्या आधी निखिलरावांचे तीन फोन आले, तिन्ही खसखशीबद्दल. "आई, खसखस अजिबात आणायची नाही. लाडवातसुद्धा नाही. इथं गुन्हा आहे." मी डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवला होता. तो शेजारी वाटला आणि बिनखसखशीचे नवे केले. खसखशीशिवाय डिंकाचा लाडू म्हणजे नुसता गोड दगड. वर्षा खाताना म्हणायचीच, "आई, यात काहीतरी राहिलंय."

विमानाचं काही लिहीत नाही. बसले, घाबरले, उतरले.

बाळाला घाई झाली होती. तीन आठवडे आधीच आलं. मी पोचले तेव्हा ते तीन दिवसांचं होतं. मुलगी. वाटीएवढं तोंड, आणि बोटं तर अशी की मोजावी का नको. मी हात धुतले, परत धुतले, वर्षानं सांगितलं म्हणून बाटलीतलं औषधही चोळलं. मग तिनं बाळ माझ्या हातात दिलं आणि लगेच म्हणाली, "आई, अंघोळीचं आत्ता नाही हं. हॉस्पिटलनं सांगितलंय, वजन वाढेपर्यंत नुसतं पुसायचं."

"बरोबर आहे," मी म्हटलं. खरंच बरोबर होतं. कमी दिवसांच्या बाळाला मी कधी घाई करत नाही. पण मनात दिवस मोजले. आपल्याकडं सव्वा महिना असतो आणि मला विमानतळावर शिक्का मिळाला होता तीस दिवसांचा.

त्यांचं घर यिशुनला, नवव्या मजल्यावर. तिथं सगळ्या इमारती सारख्या, त्यामुळं अंगावर मोठाले नंबर घातलेले. खालचा मजला मोकळा, नुसते खांब. म्हातारे तिथं बसून पट खेळतात आणि पंख्याचं वारं खातात. खिडक्यांतून बांबू बाहेर काढलेले, त्यांवर कपडे. नवव्या मजल्यावरून कुणाची विजार खाली पडली तर शोधायची कुठं, हा विचार माझ्या मनात रोज यायचा. धूळ नाही. मी दोन दिवस सवयीनं केर काढला, सुपलीत काही आलं नाही, मग सोडून दिलं. लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. मला ते बरं वाटलं.

वर्षा रॅफल्स प्लेसला एका कंपनीत हिशोबाचं बघते. मोठ्या हुद्द्यावर आहे. तिच्या कपाटात एका रंगाचे सहा कोट टांगलेले होते. एकटी असताना मी त्यांच्यावरून हात फिरवायचे आणि मला आठवायच्या तिच्या दोन वेण्या, शाळेच्या लाल रिबिनी, एक कायम सुटलेली.

पाचवी

पाचव्या दिवशी सटवाईची पूजा मांडली. पाट नव्हता म्हणून पोळपाट उलटा ठेवला. हळद-कुंकू, सुपारी, आणि बाळाचं नशीब लिहायला कोरा कागद आणि पेन. पेन निखिलरावांनी खिशातून काढून दिलं, त्यांच्या जहाजांच्या कामातलं. त्याला ग्रीसचा वास येत होता.

"आई, सटवाईला हे पेन चालेल ना?" ते म्हणाले.

वर्षा पलंगावरून म्हणाली, "पेन चालेल. पण तिनं इंग्रजीत लिहावं. मराठीत लिहिलं तर इथं वाचणार कोण?"

आम्ही तिघंही हसलो. तिच्या जन्माच्या वेळी मी असाच कागद ठेवला होता. सकाळी तिच्या आजीनं तो कोराच उचलून चुलीत टाकला होता, सटवाईचं लिहिणं माणसाला दिसत नाही म्हणून. वर्षा चार वर्षांची असताना तिचे वडील गेले. तेही त्या कागदावर असेल का, असं मला पुष्कळदा वाटे.

धुरी

आता माझी चूक सांगते.

बाळंतिणीला शेक आणि धुरी हवीच, असं मी धरून चालले होते. बाळाजवळ धूर करत नाही मी. नाकात तेल घालणं आणि बाळाला धुरी देणं, आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी सांगितल्यापासून दोन्ही सोडलं. पण आईला काय होतंय? दहाव्या दिवशी दुपारी वर्षा आणि बाळ आतल्या खोलीत झोपलेले. मी दार लावून घेतलं, स्वयंपाकघरात जुन्या तव्यावर कोळसा लाल केला आणि त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकलं. वास सुटला आणि मला आपल्या शंभर घरांतल्या न्हाण्या आठवल्या. डोळे मिटून उभी राहिले.

छताला एक पांढरी वाटी लावलेली होती. मी तिला दिवा समजत होते. ती किंचाळायला लागली. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. बाळ रडायला लागलं, वर्षा टाके सांभाळत धावत आली, मी तव्यावर तांब्याभर पाणी ओतलं, त्यानं आणखीच धूर झाला. तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे टॅन अंकल, सत्तरी-पंचाहत्तरीचे चिनी गृहस्थ, हातात ओला टॉवेल घेऊन उभे. मागं त्यांची बायको, उंच, गोरी, पांढऱ्या केसांची एक वेणी घातलेली. अंकलनी स्टूल ओढलं, वर चढून वाटीचा गळा दाबला आणि म्हणाले, "ओके, ओके ऑन्टी. नो फायर. ओन्ली स्मेल लाह." बोलताना शेवटी 'लाह' लावायची तिकडं सगळ्यांना सवय.

ते गेल्यावर वर्षा काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बाळाला छातीशी धरून हळू म्हणाली, "आई, म्हणूनच मला भीती वाटते. तू विचारत नाहीस. तुझे हात आपले सुरू होतात."

मी तवा घासत बसले. आता ही काही बाळ माझ्या पायावर देत नाही, असं मनात पक्कं झालं.

एलेनबाई

दुसऱ्या दिवशी टॅन अंकल आणि त्यांची बायको परत आले. मला वाटलं तक्रार. पण अंकलनी थर्मासमधून आलं आणि लाल खजूर उकळलेलं पाणी आणलं होतं, वर्षासाठी. त्यांच्याकडं बाळंतिणीला हेच देतात. त्यांची आई बाळंतपणात महिनाभर डोक्यावरून पाणी घ्यायची नाही म्हणे. आपल्याकडं दोन बादल्या कढत पाणी, त्यांच्याकडं थेंब नाही. आलं मात्र दोन्हीकडं.

बायकोचं नाव एलेन. अमेरिकेच्या. दोघांचं लग्न साठीनंतरचं. त्या तिकडं रेडिओवर कार्यक्रम करायच्या. तीस वर्षं त्यांनी त्यांच्या देशातल्या नावाजलेल्या माणसांना घरी बोलावल्यासारखं बसवून एकच गोष्ट विचारली: तुम्ही लहान असताना असं काय झालं, की तुम्ही या कामाला लागलात?

मला हे काम फार नवलाचं वाटलं. नुसतं विचारण्याचे पगार मिळतात!

मग त्या रोज संध्याकाळी यायला लागल्या. निखिलराव घरी असले तर ते मराठीत सांगायचे, नाहीतर वर्षा. एका न्यायाधीशांची गोष्ट मला चांगली लक्षात आहे. ते सात वर्षांचे असताना दुकानदारानं त्यांच्या खिशातलं पेपरमिंट चोरीचं ठरवलं आणि बखोट धरून गावातून फिरवलं. पेपरमिंट आजोबांनी दिलेलं होतं. 'तुला कुठून मिळालं' एवढं कुणी विचारलं नाही. पुढं न्यायाधीश झाल्यावर कोर्टात माणूस कितीही लांबण लावो, ते मधे तोडायचे नाहीत. वकील कंटाळून जायचे.

आणखी एक बाई आंधळ्यांसाठी बोटांनी वाचायचे नकाशे करायच्या. लहानपणी त्यांच्याकडं शेजारच्या आंधळ्या म्हातारीला बाजारात न्यायचं काम होतं. एकदा मैत्रिणी दिसल्या म्हणून म्हातारीला रस्त्यात उभं करून त्या खेळायला गेल्या. परत आल्या तेव्हा म्हातारी तिथंच उभी, हातात पिशवी. ती रागावलीच नाही. तेच त्या बाईंना जन्मभर लागलं.

"आणि सगळ्यांचं असंच असतं?" मी वर्षाला विचारायला लावलं.

एलेनबाई मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, एक किड्यांचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी फुलपाखराची अशी गोष्ट सांगितली की ऐकणारे रडले. कार्यक्रम संपल्यावर कानात म्हणाले, तसलं काही झालं नव्हतं, पण तुम्ही इतक्या आशेनं विचारलंत, रिकामं कसं पाठवू? एका गाणाऱ्या बाईनं तर सरळ सांगितलं, काही झालं नाही, आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं, म्हणून मी गायले.

"आमच्यात म्हणतात, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात," मी म्हटलं.

वर्षानं ते सांगितल्यावर एलेनबाई बाळाच्या पायांकडं वाकून बघायला लागल्या. म्हणाल्या, मला तर फक्त मोजे दिसतात.

त्यांचं स्वतःचंही मी विचारलं. त्यांचे वडील लढाईवरून आले ते न बोलणारे होऊन आले. जेवायच्या टेबलावर लहानगी एलेन त्यांना रोज एक प्रश्न विचारायची आणि उत्तराची वाट बघायची. कधी दोन दिवसांनी उत्तर यायचं. वाट बघायला मी तिथं शिकले, म्हणाल्या.

या गप्पांत एक झालं. वर्षा माझ्याशी बोलायला लागली. पण अंघोळीचं काढलं की "उद्या बघू." अठराव्या दिवशी बाळाला दाखवून आणलं. वजन छान वाढलं होतं. कोमट पाण्यानं रोज अंघोळ घाला, हलक्या हातानं तेल लावलंत तरी चालेल, असं डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. घरी आल्यावर मी वाट बघत बसले. वर्षानं ओला कपडा घेतला आणि बाळाला पुसून काढलं.

पुलाउ उबीन

रविवारी निखिलराव म्हणाले, "आई, तुम्ही आल्यापासून घरातच आहात. चला, टॅन अंकलचं गाव बघून येऊ." वर्षाची कॉलेजमधली एक मैत्रीण दिवसभर तिच्यासोबत थांबणार होती.

उबीन हे बेट. लहान लाकडी होडीनं जायचं. बारा माणसं जमल्याशिवाय होडी सुटत नाही. अंकल आणि एलेनबाई धरून आम्ही चौघं आणि आठांची वाट. एवढ्या घड्याळी देशात ही एकच गोष्ट मला आपल्या वडापच्या जीपसारखी वाटली. टॅन अंकल लहानपणी याच होडीनं शाळेत जायचे आणि बारावा माणूस येईपर्यंत रोज उशीर, रोज छडी. पुढं ते शाळामास्तर झाले. "फोर्टी इयर्स," ते म्हणाले, "लेट बॉय, नेव्हर कॅनिंग." उशिरा आलेल्या पोराला कधी छडी मारली नाही म्हणे.

उतरल्यावर मी उभीच राहिले. पत्र्याची घरं, अंगणात कोंबड्या, फणसाची झाडं, विहीर, दारात बसून भाजी निवडणारी म्हातारी. यिशुनमध्ये वीस दिवस मला माती दिसली नव्हती. मी चपला काढून चालले. निखिलरावांनी बघितलं, आणि थोड्या वेळानं त्यांनीही बूट काढले. ते मूळचे चिपळूणकडचे.

सगळीकडं भाड्याच्या सायकली. मला येत नाही, म्हणून निखिलरावांनी एकच घेतली, तीही सामानासाठी, हातानं ढकलत. अंकल त्यांच्या जन्मघराकडं घेऊन गेले. घर नव्हतंच, जोतं होतं, त्यावर केळी वाढलेल्या. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. पिशवी सायकलीला अडकवून आम्ही विहिरीत वाकून बघत होतो, तेवढ्यात मागं खुडबुड झाली. पाहतो तर एक रानडुक्कर आख्खं तोंड पिशवीत घालून उभं. "ओय! ओय!" करत अंकल टोपी घेऊन धावले. डुकरानं पिशवी गळ्यात घेतली आणि केळीत शिरलं.

"ऑन्टी, युअर कुकिंग व्हेरी फेमस लाह," अंकल धापा टाकत म्हणाले.

मग शहाळ्यावरच भागलं. तिथं बाकावर एलेनबाईंनी मला तो प्रश्न विचारला. निखिलराव म्हणाले, "आई, एलेन विचारतायत, लहानपणी काय झालं म्हणून तुम्ही हे काम धरलंत?"

मला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. मी पदर सारखा केला. जावयाला आईच्या बाळंतपणाचं, तापाचं सगळं कसं सांगायचं? "घरी सांगेन," म्हटलं. एलेनबाईंनी मान हलवली. त्यांना वाट बघायची सवय होतीच.

प्रश्न

दोन दिवसांनी दुपारी त्या आल्या. निखिलराव कामावर. घरात आम्ही तिघी आणि बाळ. एलेनबाई सोफ्यावर न बसता माझ्याजवळ खाली फरशीवर बसल्या. वर्षा म्हणाली, "आई, तू त्यांना काहीतरी सांगणार होतीस."

मी खाली बघत सांगितलं.

माझी चौथीची परीक्षा झाली होती. सुट्टीत आई बाळंत झाली, भाऊ झाला. तिसऱ्या दिवशी आईला ताप भरला, ती उठेना. गावात न्हाऊ घालणारी एकच, भागूआत्या. ती त्याच आठवड्यात गोठ्यात घसरून पडली होती, उजवं मनगट मोडलेलं. तरी आली, हात गळ्यात बांधून. म्हणाली, "माझं तोंड आणि मालनचे हात." मी नऊ वर्षांची. न्हाणीच्या दगडावर पाय लांब करून बसले. पण माझे पाय काटकुळे, दोन्ही जोडले तरी मधे फट राहायची आणि बाळ त्या फटीत घसरायचं. मग आत्यानं आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडायला लावली आणि माझ्या दोन्ही नडग्या एकत्र बांधल्या, करकचून.

वर्षा इंग्रजीत सांगत होती. इथं ती थांबली. "बांधल्या? म्हणजे खरंच बांधल्या?"

"खरंच. वळ उठायचे. सव्वा महिना रोज बांधायची."

तिनं ते सांगितलं. मी पुढं बोलले. मधेच शाळा सुरू झाली. एक दिवस गुरुजी आमच्या दारात आले, मी का येत नाही ते विचारायला. न्हाणी अंगणातच होती. मी बाळाला पायावर घेऊन बसलेली, पाय बांधलेले. गुरुजी आले की उठून उभं राहायचं, एवढं शाळेत शिकले होते. पण उठता येईना. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पट्टीकडं बघितलं, आणि आल्या पावली परत गेले. पुढं मला कुणी शाळेत पाठवलं नाही. मीही गेले नाही. भाऊ जगला. मग शेजारच्या काकूंनी त्यांच्या सुनेच्या बाळाला बोलावलं.

एलेनबाई नुसत्या बसून राहिल्या, "मग?" पण म्हणाल्या नाहीत. वर्षानं इंग्रजीत सांगायचं सोडून मराठीतच विचारलं, "आई, म्हणजे हा आपला दत्तूमामा?"

"तोच."

"नव्वद किलोचा दत्तूमामा?"

"तेव्हा नव्हता नव्वद किलोचा."

ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. एलेनबाईंना काय ते कळेना, त्याही हसल्या. मग त्यांनी विचारलं, शाळा सुटल्याचं वाईट वाटतं का? मी सांगितलं, वाटतं. ही वर्षा पहिल्यांदा पुस्तक वाचायला लागली तेव्हा फार वाटलं. पण त्या चौथ्या-पाचव्या दिवशी दत्तूचं रडणं माझ्या हाताखाली थांबलं होतं, तेही मला वाटतं. दोन्ही वाटतं.

मग त्यांनी वर्षाकडं बघून तिलाही तोच प्रश्न विचारला. वर्षा बराच वेळ इंग्रजीत बोलली. मला काही कळलं नाही. तिचा आवाज मात्र लहानपणीसारखा झाला होता.

एलेनबाई गेल्यावर तिनं मला सांगितलं. "मी त्यांना पायऱ्यांचं सांगितलं. तू मला बरोबर न्यायचीस आणि लोकांच्या पायरीवर बसवायचीस. मी पाटीवर बेरजा करायचे. आत तू त्यांच्या बाळांना ओव्या म्हणायचीस, मला बाहेर ऐकू यायच्या. बेरजा येत गेल्या, म्हणून मी हिशोबात गेले. पण खरं सांगू का, कुणाच्या पायरीवर बसायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं."

"तुलाही म्हटल्या होत्या गं ओव्या."

"मला आठवत नाहीत ना त्या. तेव्हा मी चाळीस दिवसांची होते."

तिला आत नेलं असतं, तर लोकांनी बोलावणं बंद केलं असतं. पण ते तिला ठाऊक होतंच. मी तिच्या केसांत तेल घालायला बसले. तिनं घालू दिलं.

अंघोळ

माझे सहा दिवस राहिले होते. सकाळी मी चहा करत होते, तर न्हाणीघरात बादलीचा आवाज. वर्षानं पाणी काढलं होतं, टॉवेल, कपडे, सगळं ओळीत मांडलं होतं.

"आई, ये. आणि मी पण आत बसणार आहे. बाहेर नाही."

न्हाणीघर एवढंसं. मी भिंतीला टेकून पाय लांब केले. ती कमोडचं झाकण लावून त्यावर बसली. मी पाण्यात कोपर घातलं. तिनं तापमापक घातला. "सदतीस," ती म्हणाली. "तू काय म्हणतेस?"

"माझं कोपर बरोबर म्हणतंय."

बाळाला नडग्यांवर घेतलं. जरा दचकलं, रडायला लागलं, मग मान माझ्या पंज्यात सोडली. तेल अगदी थोडं, पाठीवरून खाली, तळपायापर्यंत. कोमट पाणी पाठीवर पडलं तसं ते रडायचं थांबलं आणि तोंडानं चुटचुट आवाज करायला लागलं.

मी ओवी म्हटली. बाळाचं नाव ठेवलं नव्हतं अजून. नावाच्या जागी मी वर्षाचं नाव घातलं. पुढच्या ओवीतही, त्याच्या पुढच्याही. ती वर बसून ऐकत होती. मी मान वर करून बघितलं नाही. तिला तसं आवडलं नसतं.

पाच दिवस मी अंघोळ घातली. सहाव्या दिवशी वर्षा खाली बसली, पाय लांब केले, बाळाला घेतलं. मी शेजारी हात मांडीवर घेऊन नुसतं सांगत गेले. तिनं मान माझ्यापेक्षा घट्ट धरली, पण ते येतं हळूहळू.

घरी

निघताना वर्षानं पाकीट पुढं केलं. "आई, गटाचं कर्ज मी फेडते. ऐक माझं."

"बाळंतपण माहेरचं आहे," मी म्हटलं.

निखिलराव म्हणाले, "राहू दे गं वर्षा. माहेरचा हिशोब तुझ्या कंपनीत बसत नाही." तिनं पाकीट परत ठेवलं आणि मला इतकं घट्ट धरलं की माझा चष्मा वाकडा झाला.

आल्यावर चौथ्या दिवशी मी कामाला लागले. कार्वे नाक्याजवळ जुळी झाली होती, तिथून सुरुवात. दर महिन्याच्या बैठकीत हप्ता भरत गेले. वर्षाचा रोज सकाळी व्हिडिओ कॉल येतो, बादलीजवळ फोन ठेवून. मी इकडून सांगते, ती तिकडून करते.

परवाच्या सोमवारी मी शेवटचा हप्ता घेऊन आले, तेव्हा कुसुमताईंनी विचारलं, "जावयानं पाठवले का?" मी तेव्हा नुसती नकाराची मान हलवली, चारचौघींत सांगणं जमलं नाही, म्हणून इथं लिहिते. नाही पाठवले. मी घेतलेही नसते. या दहा महिन्यांत मी अकरा बाळांना न्हाऊ घातलं, त्याचे ते पैसे. शेवटचा हप्ता रिक्षावाल्या बाळूच्या नातवाचा. कुसुमताईंनी रजिस्टरात माझ्या नावापुढं शून्य बाकी लिहिली, मी खाली सही केली. कर्ज पूर्ण फिटलं.